चांदीचे मागचे पाय

आमच्या कारखान्यात मूर्ती किती आहेत हे कुणीही सांगेल, भिंतीवर खडूने लिहिलेलं असतं. किस्से किती आहेत ते मात्र कुणालाच माहीत नाही. पेणच्या गणपती कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचे हात दिवसभर गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. त्यामुळे किस्सा एकदा घडतो आणि पुढे वर्षभर घडतच राहतो. त्यात आमच्याकडे प्रत्येक जण किस्सा सांगताना स्वतःला मधोमध उभा करतो. दत्ताकडून ऐकलं तर सगळं दत्तानेच केलेलं असतं, आणि भाऊंकडून ऐकलं तर दत्ता त्या दिवशी रजेवर असतो.

म्हणून चांदीच्या आजारपणाचे किस्से मीच सांगते. मी सुनंदा. रामवाडीच्या बाजूला आमचा कारखाना आहे, तिथे गेली सोळा वर्षं मी पीतांबर आणि शेले रंगवते. माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण एक ब्रश सोडला तर या सगळ्यात मी फारसं काही केलेलं नाही.

आधी एवढं ऐकून घ्या. चांदी म्हणजे कारखान्याची मांजर, वय चौदा. भाऊ म्हणजे मालक. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सत्तरीला टेकलेली. मूर्तींचे डोळे आक्काच आखतात, वरच्या खोलीत, तेरा पायऱ्या चढून.

चौदा वर्षांपूर्वी आक्कांचे यजमान गेले आणि त्या माहेरी परत आल्या. त्या वर्षी ब्रश धरला की त्यांचा हात थरथरायचा. डोळा बिघडला की अख्खी मूर्ती गेली, म्हणून भाऊ म्हणाले, या वर्षी राहू दे. त्याच सकाळी पेंढ्याच्या गाडीतून आलेलं मांजराचं एक पिल्लू आपलं आपण जिना चढून वर गेलं आणि आक्कांच्या पाटाला टेकून बसलं. आक्कांच्या हाताची थरथर थांबली. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. माघी गणपती झाले की नव्या हंगामाचे पहिले डोळे आखायचे. त्या सकाळी चांदी वर येते, पाटाशेजारी बसते, आणि मग आक्का ब्रश उचलतात. तिला कुणी बोलवायचं नाही आणि कुणी उचलून आणायचं नाही.

आणि यंदा पौषातच चांदीचे मागचे पाय गेले.

*

सुरुवात खरं तर मिशांपासून झाली.

एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. चांदी समोर आली तर तिच्या एका बाजूच्या मिशा गुलाबी, दुसऱ्या बाजूच्या पिवळ्या आणि हनुवटी सोनेरी. गुलाबी म्हणजे मूर्तीच्या अंगाचा रंग, पिवळा माझ्या पीतांबराचा आणि सोनेरी मुकुटाचा.

दत्ता म्हणाला, "माझ्या वाटीतलं पाणी पिते ती. रोज येते. माझ्यावर जीव हाय तिचा."

"तुझ्या?" भाऊ म्हणाले. "सकाळी पयली माझ्या तांब्यात तोंड घालते."

माझीही तीच समजूत होती. मग हिशेब जुळवला. ब्रश धुवायच्या पाच वाट्या, भाऊंचा तांब्या, मागची बादली आणि नळाखालचं डबकं. सगळीकडे रोज जात होती, आणि आम्हा प्रत्येकाला वाटत होतं की ती आपल्यावरच्या प्रेमाने येते.

आमचे टेम्पोवाले सलीमभाई नऊ वर्षं कुवेतला होते. ते हातातला घास तसाच धरून म्हणाले, "एवढं पाणी मी वाळवंटात पण पीत नव्हतो."

दत्ताला मात्र दोन दिवस वाईट वाटत होतं.

*

दत्ता फिनिशिंग करतो, म्हणजे मूर्तीचे हातपाय घासून गुळगुळीत करतो. त्याच्या पॉलिश पेपरची पांढरी धूळ अख्ख्या कारखान्यात पसरलेली असते. एका सकाळी आम्ही आलो तर हा दारात आडवा उभा. कुणाला आत सोडेना.

"कोणी पाय टाकू नका. बघा."

धुळीत चांदीची पावलं उठली होती. पुढची दोन बटणासारखी गोल. मागची दोन लांबट, कुणी अंगठा ओढत नेल्यासारखी.

"टाचा टेकून चालते हाय ती," दत्ता म्हणाला. "मागं जोर नाय."

आम्ही रोज तिला बघत होतो आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पण वीस वर्षं देवाचे पाय घासणाऱ्या माणसाला जमिनीवरून कळलं. भाऊ म्हणाले, "वय झालं रे तिचं."

"वय झालं म्हणून पावलं बदलत नायत भाऊ. आक्कांची बदलली का?"

आक्का मागेच उभ्या होत्या. दत्ताने उरलेला दिवस कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला काम केलं.

*

सलीमभाईंच्या मेहुणीची मांजर रोह्याच्या एका डॉक्टरांनी बरी केली होती. त्यांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "उद्या घेऊन या. आणि ती चालतानाचा एक व्हिडिओ काढून आणा."

टेम्पो माघीच्या मूर्ती पोचवायला गेला होता, म्हणून रेल्वेने जायचं ठरलं. मांजराची टोपली आमच्याकडे नव्हती. मूर्ती पाठवायची खोकी मात्र ढीगभर होती. भाऊंनी एका खोक्यात पेंढा भरला, बाजूला भोकं पाडली आणि चांदीला आत ठेवलं. वर सवयीने 'श्री' लिहिलं, 'उलटे ठेवू नये' लिहिलं आणि बाण काढला.

आक्का, दत्ता आणि मी निघालो. नागोठण्याला एक म्हातारी चढली. समोर बसली, खोकं बघितलं आणि पदर सावरून हात जोडले.

"माघीचा काय गो?"

दत्ता सांगायला तोंड उघडणार, तर आक्कांनी त्याला कोपर मारलं. एवढी मनापासून पाया पडते, तिला कशाला खाली बघायला लावायचं. म्हातारीने पिशवीतून जास्वंद काढलं आणि खोक्यावर ठेवलं. निडी स्टेशन जवळ आलं, म्हातारी उठली, आणि नेमकी आतून चांदी लांबलचक ओरडली.

म्हातारीने खोक्याकडे बघितलं. मग आक्कांकडे बघितलं.

"उंदराला सुट्टी दिली काय?" म्हणाली आणि उतरून गेली.

*

डॉक्टरांनी पहिली गोष्ट विचारली ती व्हिडिओची.

दत्ताने सोबत आणलेलं पोतं उघडलं आणि टेबलावर शाडूची तीन फुटी लादी ठेवली. आदल्या संध्याकाळी त्याने ओली माती लाटून तिच्यावरून चांदीला चालवलं होतं आणि मग ती सुकवली होती. व्हिडिओत काय कळतं, असं त्याचं म्हणणं. आमच्यातल्या कुणालाही यात वेगळं काही वाटलं नव्हतं.

डॉक्टर लादीवर वाकले. मग मागच्या पावलात बोट घालून बघितलं. पट्टी मागवून मोजलंसुद्धा.

"एक्स-रे पण तुम्हीच काढून आणलाय का?" त्यांनी विचारलं.

केसपेपरवर लिहिताना त्यांनी रंग विचारला. आम्ही तिघांनी एका सुरात पांढरा सांगितला. डॉक्टरांनी ओल्या कापसाने तिची पाठ पुसली. खाली नारिंगी ठिपका निघाला. आणखी पुसलं, आणखी निघाला. चौदा वर्षं आम्ही जिला चांदी म्हणत होतो, ती धूळ झटकल्यावर अर्धी नारिंगी होती.

यावर मात्र डॉक्टर रागावले. ही धूळ चाटते, रंगाचं पाणी पिते, आणि तुम्ही मजा बघता? रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने तिला पुसायचं, पंजेसुद्धा. वाट्यांवर झाकणं. स्वच्छ पाणी चार ठिकाणी. आम्ही शाळेतल्यासारख्या माना हलवल्या.

रक्त घेतलं, ते पनवेलला गेलं. दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. भाऊंनी स्पीकर लावला.

"किडन्या थकल्यात. त्या नव्या होणार नाहीत, हे आधीच सांगतो. साखर नाही. पाय गेलेत ते वेगळ्या कारणाने. लघवीवाटे पोटॅशियम निघून गेलंय, म्हणून स्नायूंत जोर नाही, मान पण खाली पडते. ते भरून काढलं तर पाय परत येऊ शकतात. येतीलच असं नाही."

आक्कांनी एवढंच विचारलं, "जिना चढंल का?"

"आजी, आधी उभी राहू दे."

"माघीला महिना हाय," आक्का म्हणाल्या. "उभी पण करा आणि चढवा पण."

फोन ठेवल्यावर भाऊ हळूच म्हणाले, "आक्का, नायच चढली तर यंदा आपण उचलून..."

आक्का उठून वर निघून गेल्या. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. एवढ्या वर्षांत मी ते दुसऱ्यांदा बघितलं.

*

एक दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यायचं होतं. सुई कोण टोचणार यावर बरीच चर्चा झाली. भाऊ म्हणाले, हे पुरुषाचं काम हाय. त्यांनी सुई हातात घेतली, चांदीची कातडी चिमटीत धरली आणि हळूहळू खाली बसले. मग आडवे झाले. त्यांच्या तोंडावर पाणी मारेपर्यंत आक्कांनी सुई उचलली, बुबुळ आखताना धरतात तसा श्वास धरला आणि टोचली. चांदीने मानही वळवली नाही.

भाऊ पडल्या पडल्या म्हणाले, "हात तर थरथरत नाय तुझा. मग डोळे आखायला कसली वाट बघतेस?"

"सुई तिच्यासाठी टोचली," आक्का म्हणाल्या. "डोळ्यांना ती माझ्यासाठी यायला पायजे."

आता बाटली टांगायची कुठे? अंगणाकडच्या पडवीत नऊ फुटी गणपती होता, रंग न लावलेला, एक हात वर केलेला. दत्ताने त्या हातात बाटली अडकवली. उंची बरोबर, धार बरोबर. डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करून दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"स्टँड चांगला आहे," मग म्हणाले. "हलवू नका."

मूर्ती ज्यांनी सांगितली होती ते मंडळवाले एक दिवस बघायला आले. रंग का नाही लावला, म्हणून कुरकुरायला लागले. भाऊंनी गणपतीच्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"कामावर हाय तो. सुटला की रंगवतो."

*

पोटॅशियमची पावडर होती. ती खाण्यात घातली तर चांदी ताटली सोडून जायची. दुधात घातली तर दूध सोडायची. सलीमभाईंनी मटणाच्या पाण्यात घालून बघितली, तर तिने सलीमभाईंनाच सोडलं. दोन दिवस त्यांच्याकडे पाठ करून बसली.

तिसऱ्या दिवशी मला सुचलं. हाच तो माझा ब्रश. पावडर दोन थेंब पाण्यात कालवून लेप केला, कोरा ब्रश घेतला आणि तिच्या पुढच्या पंजावर पीतांबराच्या काठासारखा सरळ लावला. मांजर अंगावर घाण सहन करत नाही. दोन मिनिटांत पंजा चाटून साफ! दिवसातून दोनदा, उजवा पंजा आणि डावा पंजा.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "मी इतकी वर्षं लोकांना मांजराचं तोंड उघडायला शिकवतोय."

हल्ली ते पेशंटना ब्रश लिहून देतात असं ऐकलं. नंबरसकट.

*

पथ्य सगळ्यात जड गेलं. ते चांदीला नाही, आम्हाला.

सुकट बंद, बोंबील बंद, खारट काही म्हणून द्यायचं नाही. द्यायचं नाही हे ठीक, पण चांदी डब्यासमोर येऊन बसायची. ओरडायची नाही. नुसती बघायची. पहिल्या दिवशी मी डबा झाकला. दुसऱ्या दिवशी भाऊंनी. आठवडाभरात अख्खा कारखाना दुपारी डाळभात खायला लागला. घरी बायकांना वाटलं, यांना झालंय काय.

एक दिवस दत्ता जेवणाच्या सुट्टीत गायब. भाऊ शोधायला निघाले, तर हा हायवेच्या कडेला मोटारसायकलवर बसून, हेल्मेट घालून, काच वर करून सुकट खात होता.

"हेल्मेट कशाला रे?"

"वास येतो भाऊ. तिला लांबनं पण येतो."

परत येताना त्याने साबणाने दोनदा तोंड धुतलं. चांदी दारातच बसली होती. तिने त्याच्या मिशा हुंगल्या आणि उठून गेली.

*

पंधरा दिवसांनी दत्ता दुसरी लादी घेऊन रोह्याला गेला. डॉक्टरांनी पहिली जपून ठेवली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. मागच्या पावलांची लांबी अर्ध्यावर आली होती. डॉक्टरांनी कंपाउंडरला बोलावलं, बाहेर बसलेल्या शेळीवाल्याला बोलावलं, सगळ्यांना दाखवलं.

दत्ताने परत येऊन हा किस्सा अकरा वेळा सांगितला. अकराव्या वेळी डॉक्टर त्याच्या पाया पडले होते.

*

माघी गणपती झाले. दुसरी सकाळ उजाडली. चांदी आता चालत होती, मान वर होती, पण जिन्याशी जाऊन नुसती बघत बसायची. परदेशच्या मूर्ती डोळ्यांविना रांगेत उभ्या. त्या समुद्राने जायच्या, त्यामुळे आमच्या हंगामात सगळ्यात आधी त्याच निघतात.

भाऊंना राहवलं नाही. आक्का आंघोळीला गेल्या तेव्हा त्यांनी चांदीला गुपचूप उचललं, वर नेलं आणि पाटाशेजारी ठेवलं. आम्हाला खुणेने सांगितलं, गप राहा. चांदी बसली शहाण्यासारखी. आक्का आल्या. चांदीला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला भाऊंचा राग आला.

आक्का खाली बसल्या. चांदीच्या डोक्यावरून हात फिरवला, पाठीवरून फिरवला. मग तिचा मागचा पंजा उचलला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

तळवा गुलाबी होता, स्वच्छ. आदल्या संध्याकाळी मीच ओल्या फडक्याने पुसला होता आणि ती रात्रभर पोत्यावरच झोपली होती. आणि आमच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर बोटभर धूळ असते.

"ही जिन्यावरनं आली नाय," आक्का म्हणाल्या.

त्यांनी चांदीला कडेवर घेतलं आणि स्वतः खाली आणून पोत्यावर ठेवलं. भाऊ मागे मागे. "आक्का, जहाज थांबतं का कुणासाठी?"

"नाय थांबत. बिनडोळ्यांचे गणपती पाठवणार हायस का त्याच्यातनं?"

चार दिवस कुणी जिन्याबद्दल बोललं नाही. भाऊंनी त्या चार दिवसांत आक्कांसमोर चहासुद्धा घेतला नाही.

*

पाचव्या दिवशी सकाळी सलीमभाई टेम्पो मागे घेत होते. मी रंग कालवत होते. चांदी पोत्यावरून उठली, आधी पुढून ताणून दिलं, मग मागून ताणून दिलं आणि जिन्याकडे चालायला लागली.

दत्ताचा पॉलिश पेपर थांबला. सलीमभाईंनी इंजिन बंद केलं. भाऊ आक्कांना हाक मारायला तोंड उघडणार, तर मी म्हटलं, "भाऊ, गप." मालकाला मी असं बोलले ते आजवर एकदाच.

पहिल्या पायरीवर पुढचे पाय गेले. मागचे राहिले. मग तेही गेले. दुसरी. तिसरी. प्रत्येक पायरीला मागचं अंग थोडं डुलायचं आणि आम्ही सगळे त्याच बाजूला झुकायचो. पाचवी. सहावी. सातव्या पायरीवर ती बसली.

बसली ती बसलीच. पंजा चाटला, कान खाजवला. दत्ता एक पाऊल पुढे गेला, तर सलीमभाईंनी मागून त्याचा शर्ट धरला. वरच्या खोलीचं दार उघडं होतं. आक्का पाटावर बसलेल्या दिसत होत्या, पाठमोऱ्या. सगळा आवाज बंद झालेला त्यांना कळला नसेल असं नाही. पण त्यांनी वळून बघितलं नाही.

मग चांदी उठली. आठवी. नववी. दहावीला मागचा डावा पाय सटकला, भाऊंनी डोळे मिटले, आणि त्यांनी उघडेपर्यंत ती अकरावीवर होती. बारावी. तेरावी. उंबरा.

आम्ही चपला काढून मागोमाग जिना चढलो. आवाज होऊ नये म्हणून भाऊ तर भिंतीला धरून. दारात गर्दी करून उभे राहिलो. चांदी सरळ पाटापाशी गेली, एकदा गोल फिरली आणि आक्कांच्या मांडीला पाठ लावून बसली.

समोर पहिली मूर्ती होती, डोळ्यांची जागा कोरी. आक्कांनी हात लांब केला, चांदीचा मागचा पंजा उचलला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

तळवा पांढरा होता.

त्यांनी तो हळूच खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही बघितला.

"सुनंदा," आक्का म्हणाल्या, "बारीक ब्रश दे गो."